वॉर्न का नाही?

माझ्या मामेभावाला गल्लीत सगळे ‘अँब्रोज’ म्हणायचे. गोल्फ क्लब मैदानावर तो टाकायचा लेगस्पिन, तोही इतका हळू की चेंडू पोचेपर्यंत चहा पिऊन यावा. नाव पडलं ते रंगावरून. घरात ‘काळ्या’, मैदानावर ‘अँब्रोज’. सगळं प्रेमाने हं!

परवा सायमंड्सचा विषय निघाला आणि हे आठवलं. १७ ऑक्टोबर २००७, वानखेडे. नवरात्र चालू होतं, पण कालिकेची यात्रा सोडून आम्ही टीव्हीसमोर. मुरली कार्तिकने २७ धावांत ६ बळी घेतले, आपण जिंकलो. आणि सायमंड्सकडे बघून प्रेक्षकांतले काहीजण माकडाचे हावभाव करत होते. आधी बडोद्यालाही तेच झालं होतं. फोटो छापून आले, चौघांना स्टेडियमबाहेर काढलं. पण आपल्याकडे बोलण्याचा सूर असा, की पब्लिकची मस्ती ती, एवढं काय मनावर घ्यायचं! आमच्या हॉलमध्येही हेच चाललं होतं. मीही त्यात होतो.

तीन महिन्यांत सिडनी झालं. हरभजनवर ३ कसोटींची बंदी आली (पुढे अपिलात उठली) आणि इकडे एकदम वर्णभेदावर चर्चा सुरू. गोऱ्या सामनाधिकाऱ्याने गोऱ्यांच्याच शब्दावर विश्वास ठेवला का, असा सवाल गावसकरांनी लेखात केला. सवाल रास्तच होता. पण वानखेडेनंतर इतक्या तावातावाने कुणी बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

२०२० मध्ये डॅरेन सॅमीला कळलं, की आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना आपल्याला ‘कालू’ म्हणायचे त्याचा अर्थ काय. तो चिडला. मग एका सहकाऱ्याने सांगितलं, प्रेमाने म्हणायचो. सॅमीने मोठ्या मनाने ते मानलं. झालं, विषय संपला!

त्याच जुलैत साउदॅम्प्टनला पावसाने खेळ थांबलेला असताना मायकेल होल्डिंग या विषयावर बोलला. दुसऱ्या दिवशी मुलाखतीत आईवडिलांची आठवण निघाली आणि त्याला रडू आवरेना. नवरा फार काळा म्हणून त्याच्या आईशी माहेरचे बोलेनासे झाले होते. आपल्याकडे पाऊस पडला की समालोचक जुने किस्से सांगतात. असला किस्सा कुणाच्याच घरात नसेल? लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्यांना विचारा.

आणि ती विशेषणं! वेस्ट इंडीजचा बोलर म्हटला की ‘उपजत ताकद’, ऑस्ट्रेलियाचा म्हटला की ‘डोकं’.

शेवटी मामेभावाला फोन लावला. वाईट वाटायचं का रे, म्हणून विचारलं. हसला.

“दादा, लेगस्पिन टाकायचो ना मी? मग वॉर्न म्हणायला काय झालं होतं?”