समुद्रात जखमी होणाऱ्यांसाठी: मासेमारी बोटींवरील वैद्यकीय मदतीबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत माहितीसाठी: मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, आयुक्त, मत्स्यव्यवसाय, जिल्हाधिकारी, रत्नागिरी व सिंधुदुर्ग, भारतीय तटरक्षक दल

महोदय,

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या यांत्रिक बोटींवरील तांडेल, खलाशी आणि बोटमालक अशा तिघांच्या वतीने आम्ही हे मागणीपत्र देत आहोत. पगारावरून, वाट्यावरून आमच्यात वाद होतात. या विषयावर मात्र आमच्यात दुमत नाही. समुद्रात माणूस जबर जखमी झाला तर त्याचा जीव किंवा त्याचा हात-पाय वाचवण्यासाठी आज बहुतेक बोटींवर काहीही सोय नाही. वादळात बोट बुडाली की बातमी होते, चौकशी होते. विंचमध्ये हात सापडलेल्या खलाशाची ना बातमी होते, ना चौकशी. तो उपचारासाठी गावी जातो आणि पुढच्या हंगामात त्याच्या जागी दुसरा माणूस येतो.

किनाऱ्यापासून 40 नॉटिकल मैलांवर असलेली बोट ताशी 8 मैलांच्या वेगाने सरळ माघारी निघाली, तरी बंदर गाठायला 5 तास लागतात. निघण्याआधी पाण्यातले जाळे आत घ्यावे लागते, नाहीतर तोडून द्यावे लागते. खाडीच्या तोंडाशी गाळ असेल आणि ओहोटी लागली असेल, तर बंदर डोळ्यांसमोर असूनही भरतीची वाट पाहत थांबावे लागते. जमिनीवर 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, ती आमच्या माणसाला धक्क्यावर भेटते. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. म्हणजे त्याला जगवायचे काम बोटीवरच्या आठ-दहा जणांनाच करायचे आहे, आणि ते कसे करायचे हे त्यांना कोणीही शिकवलेले नाही.

जखमा कशा होतात, हे मंत्रालयात बसून कळणार नाही म्हणून सांगतो. ताणलेली वायर तुटली की तिचे टोक फटक्यासारखे येते आणि वाटेत जो असेल त्याचे हाड मोडते. दोर गुंडाळताना विंचच्या ढोलात हातमोजा अडकतो आणि त्यामागून हात जातो. पंख्यात अडकलेले जाळे सोडवायला पाण्यात उतरलेला माणूस कापला जातो. शिंगाळ्याचा काटा, पाकटाच्या शेपटीचा दंश, डोलीतून आलेला समुद्रसाप, हलत्या बोटीत स्टोव्हवरून अंगावर सांडलेले उकळते पाणी, हेही आहेच. अशा वेळी हाताशी असते ते वापरले जाते: हळद, कॉफीची पूड, तंबाखू, कधी डिझेलसुद्धा. तुटलेले बोट लोक थेट बर्फात खुपसतात. ही माणसे निष्काळजी नाहीत. सोबत्याला वाचवण्याची त्यांची धडपड असते, पण कोणी कधी काही दाखवलेले नसते.

म्हणून आमची पहिली मागणी प्रशिक्षणाची आहे. प्रत्येक यांत्रिक बोटीवर प्रथमोपचार शिकलेली किमान दोन माणसे असावीत. एक पुरत नाही, कारण जखमी होणारा तोच असू शकतो. अशी शिबिरे घ्यायचीच झाली तर सोयीची म्हणून जून-जुलैची मासेमारी बंदी निवडली जाईल. पण नेमक्या त्या दोन महिन्यांत खलाशी गावी गेलेले असतात. आमच्या बोटींवर नेपाळचे, कर्नाटकचे, आंध्रचे कितीतरी जण आहेत. बंदीच्या काळातल्या शिबिराला मालक आणि सोसायटीचे पदाधिकारी बसतील, वायर हाताळणारा बसणार नाही. शिबिर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, माणसे परत आल्यावर, धक्क्यावर आणि बोटीवरच घ्यावे. शिकवणे नेपाळी, कन्नड आणि तेलुगूमध्येही व्हावे. भाषण नको, हाताने करून दाखवावे: वाहत्या जखमेवर कापड दाबून न उचलता धरणे, तरीही रक्त थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटे वर, सांध्यावर न येईल असा घट्ट पट्टा आवळून त्याची वेळ लिहून ठेवणे, मोडलेला पाय फळीला बांधणे, तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फावर ठेवणे, पाकटाच्या दंशाला सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवणे. बर्फ, फळी, स्टोव्ह हे सगळे प्रत्येक बोटीवर आहेच.

याबरोबर पाण्याने न भिजणारी पेटी हवी. तिच्यात काय असावे ते डॉक्टरांनी ठरवावे आणि परवाना नूतनीकरणाच्या वेळी ती उघडून पाहावी. केवळ कागदावर टिक करून भागवू नये.

दुसरी मागणी आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. जखमीच्या शेजारी बसलेल्या तांडेलाला डॉक्टरचा आवाज ऐकू आला पाहिजे. किनारा नजरेआड गेला की थोड्याच अंतरावर मोबाईल मुका होतो. व्हीएचएफच्या 16 क्रमांकाच्या वाहिनीवर हाक दिली तर जवळची बोट ऐकते, तटरक्षक दल ऐकते, आणि तटरक्षक दलाने आमच्या कितीतरी माणसांना बोटीवरून उचलून आणले आहे, त्याचे ऋण आम्ही मानतो. परंतु मदत पोचेपर्यंतच्या तासांत काय करायचे, हे सांगणारे कोणी नसते. इटलीत रोमला 1935 पासून जहाजांवरच्या आजाऱ्यांना रेडिओवरून मोफत वैद्यकीय सल्ला देणारे केंद्र चालू आहे. आपल्याकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या अपघात विभागात चोवीस तास एक डॉक्टर या कामासाठी नेमावा आणि तटरक्षक दलाच्या संपर्क कक्षातून बोटीची हाक थेट त्याच्यापर्यंत जोडून द्यावी.

यंत्रे नाहीत असे कोणी म्हणू नये. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशातल्या एक लाख मासेमारी बोटींना दुहेरी संदेशाची उपकरणे देण्याच्या योजनेची सुरुवात झाली. तो समारंभ आपल्याच राज्यात झाला. या उपकरणावरून बोट कुठे आहे ते कळते आणि संदेशही पाठवता येतो. मग त्यातला जखमी माणसाबद्दलचा संदेश आरोग्य खात्यापर्यंत का जाऊ नये? त्याचबरोबर प्रत्येक केबिनमध्ये एक तक्ता लावावा. जखम किती वाजता झाली, माणूस शुद्धीवर आहे का, मिनिटाला श्वास किती, नाडी किती, रक्त कुठून येते, पट्टा बांधला तो किती वाजता, अशी माहिती त्यात क्रमाने मांडलेली असावी. घाबरलेला माणूस नीट सांगू शकत नाही, समोरचा तक्ता मात्र वाचू शकतो. समुद्रसापाच्या दंशाबाबत डॉक्टरांनीही तयारीत असावे, कारण आपल्या दवाखान्यांतले सर्पदंशाचे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचे आहे. समुद्रसापावर भरवसा ठेवावा असे ते नाही. अशा रुग्णाला श्वासाचे यंत्र असलेल्या ठिकाणी न्यावे लागेल.

तिसरी मागणी पैशांची आहे. ती मांडताना जीभ अडखळते, पण खरे तेच लिहिणे भाग आहे. बोट अर्ध्यातून परत आणायची म्हणजे डिझेल, बर्फ, राशन सगळे पाण्यात जाते. खेप रिकामी गेली तर मालकाचे कर्ज वाढते आणि वाट्यावर काम करणाऱ्या प्रत्येक खलाशाच्या घरी पैसे जात नाहीत. जखमी माणूस हे सारे जाणतो. म्हणून तोच म्हणतो, "दुखणे थोडे आहे, जाळे काढून घ्या, मग जाऊ." सोबत्यांवर भार नको म्हणून माणूस आपले दुखणे लपवतो, आणि जखम तोवर चिघळते. माघारी फिरण्याचा निर्णय तांडेलाने माणसाकडे पाहून घ्यावा, टाकीकडे पाहून नव्हे. यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. डिझेलवरील कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतोच आणि बोटीचा कोटा ठरलेला असतोच. जखमीला घेऊन परतलेल्या फेरीचे डिझेल कोट्याबाहेर धरावे आणि त्याचा पूर्ण खर्च 30 दिवसांत द्यावा. वाटेत दुसऱ्या वेगवान बोटीने जखमीला आपल्याकडे घेतले असेल, तर तिलाही हाच नियम लागू व्हावा. पुरावा म्हणून रुग्णालयाचा कागद आणि उपकरणावरची नोंद पुरेशी मानावी.

विम्याबाबत थोडक्यात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतील गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला 2.5 लाख आणि रुग्णालयासाठी 25 हजार रुपये आहेत. चिरडलेल्या हातावर दोन-तीन शस्त्रक्रिया होतात, तिथे 25 हजार पहिल्याच आठवड्यात संपतात. ही रक्कम वाढवावी. शिवाय बरे होईपर्यंत घर कशावर चालवायचे, याचे उत्तर या विम्यात नाही. त्यासाठी हंगाम संपेपर्यंत मासिक निर्वाहभत्ता द्यावा. बोटीवर प्रत्यक्ष असलेल्या प्रत्येकाचे नाव विम्यात आले पाहिजे, मग तो कोणत्याही राज्यातला किंवा देशातला असो.

धक्क्याबद्दलही सांगायला हवे. जिथे मोठी बोट थेट धक्क्याला लागत नाही, तिथे जखमीला चादरीत घालून होडीत आणि होडीतून वाळूत उतरवावे लागते. हर्णै बंदरावरच्या लोकांना हे सांगायला नको. पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाचे अशा उतरवण्याने काय होते, ते कोणत्याही डॉक्टरला विचारावे. प्रत्येक मासळी उतरवण्याच्या केंद्रावर पाण्यात तरंगणारे स्ट्रेचर आणि रात्रीचा प्रकाश हवा, आणि जखमीची बोट निघाली हे कळताच 108 तिथे येऊन उभी राहिली पाहिजे. केरळने 2020 मध्ये 'प्रतीक्षा', 'प्रत्याशा' आणि 'कारुण्या' या तीन सागरी रुग्णवाहिका मच्छीमारांसाठी पाण्यात उतरवल्या. आमच्या दोन जिल्ह्यांसाठी निदान एक तरी मागतो. ती रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ठेवावी.

विंचला झाकण आणि एका हाताने बंद होणारा खटका नसेल, तर बोटीला परवाना देऊ नये. या अटीला आमच्यातल्या बोटमालकांची लेखी संमती आहे. मात्र जुन्या बोटींना बदल करण्यासाठी एक हंगाम आणि अनुदान मिळावे.

या मागण्या आम्ही हवेतून काढलेल्या नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा मासेमारी कामाबाबतचा 188 क्रमांकाचा करार 2007 मध्ये झाला आणि 2017 मध्ये अमलात आला. बोटीवर औषधे असावीत, प्रथमोपचार शिकलेला माणूस असावा, किनाऱ्यावरच्या वैद्यकीय सल्लागाराशी बोलण्याची सोय असावी आणि गंभीर जखमीला वेळेत किनाऱ्यावर नेले जाण्याचा हक्क असावा, हे सारे त्यात लिहिलेले आहे. भारताने या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. त्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. तोवर राज्याच्या हातात आहे तेवढे तरी राज्याने करावे, कारण परवाना राज्य देते, दवाखाने राज्याचे आहेत आणि डिझेलचा परतावाही राज्यच देते. 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिलात, त्याचे आम्ही स्वागत केले. शेतात पाय कापलेल्या माणसाला तासाभरात दवाखाना मिळावा ही अपेक्षा रास्त मानली जाते. समुद्रातल्या माणसाची अपेक्षाही तेवढीच रास्त आहे.

प्रशिक्षण, डॉक्टरची नेमणूक आणि डिझेलबाबतचा आदेश या तीन गोष्टी येत्या 1 ऑगस्टला बोटी समुद्रात जाण्याआधी व्हाव्यात. बाकीच्यांसाठी लेखी कालमर्यादा द्यावी. चर्चेसाठी आम्हाला 15 दिवसांत वेळ द्यावा. आमच्याकडून दोन तांडेल, दोन खलाशी आणि एक बोटमालक येतील. आरोग्य, मत्स्यव्यवसाय आणि तटरक्षक दल या तिन्हींचे निर्णय घेऊ शकणारे अधिकारी त्या बैठकीला एकत्र असावेत, ही विनंती.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील तांडेल, खलाशी व बोटमालक संघटनेचे सभासद