तळहाताएवढा संगणक आणि पुलगावची शेते
ब्रिटनमध्ये 2016 साली अकरा-बारा वर्षांच्या सुमारे 10 लाख विद्यार्थ्यांना मोफत दिला गेलेला ‘मायक्रोबिट’ हा जेमतेम 5 सेंटिमीटर लांबीचा संगणक, ज्यावर 25 बारीक दिवे, दोन बटणे आणि तापमान व हालचाल टिपणारे संवेदक असतात, या अंकाचा विषय म्हणून निवडला आहे. कारण प्रोग्रामिंग, म्हणजे यंत्राला क्रमवार सूचना लिहून देणे, हे त्याच्यामुळे पडद्यापुरते न राहता हातात येते.

वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या परिसरात कपाशीची शेते आहेत, आणि ओलसर मातीतून वीज अधिक सहज वाहत असल्याने दोन खिळे मातीत रोवून ते तारांनी या संगणकाला जोडले की ओलाव्याचा अंदाज आकड्यांत मिळतो, ही गोष्ट येथील सातवीच्या मुलीला कोणत्याही पाठ्यपुस्तकातील उदाहरणापेक्षा जवळची वाटेल. याच जिल्ह्यात, वर्ध्याला, ऑक्टोबर 1937 मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचा गाभा मानणारी नयी तालीम मांडली होती, आणि सूतकताईच्या जागी संवेदक आला तरी हात व बुद्धी एकत्र चालवण्याचा तो आग्रह येथे तितकाच लागू पडतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने पूर्व-माध्यमिक स्तरावर कोडिंग सुचवले आहे. मात्र उपकरणांच्या खरेदीआधी शिक्षकांना स्वतः चुका करत शिकण्यासाठी वेळ आणि मराठीतील मार्गदर्शिका मिळाली पाहिजे.