मूल कोणत्या राज्याचे?

आपल्या घराशेजारी नवी इमारत उठत असते. डोक्यावर विटा वाहणारी बाई लेकराला मराठीत हाक मारते आणि आपण चमकून विचारतो, "कुठल्या गावच्या तुम्ही?" उत्तर येते: देगलूर, मुखेड, कधी उदगीर. आपल्याला बरे वाटते, आणि आपण पुढे निघून जातो. वाळूच्या ढिगाशेजारी बसलेल्या त्या लेकराच्या दंडाकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

ते जावे, म्हणून हे लिहीत आहोत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल नुसते किडकिडीत नसते, आजारी असते. यालाच तीव्र कुपोषण म्हणतात. अशा मुलाला मृत्यूचा धोका धडधाकट मुलाच्या सुमारे नऊपट असतो. साध्या जुलाबानेही ते दगावते.

यावर उपाय नाही, असे कोणी सांगू नये. १९९६ साली फ्रान्समध्ये शेंगदाणे, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे व क्षार यांचे उपचारात्मक आहाराचे पाकीट तयार झाले. त्यात पाणी घालायचे नाही, ते शिजवायचे नाही. म्हणून झोपडीतही नासत नाही. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सांगितले की, ज्याची भूक शाबूत आहे आणि ज्याला दुसरा आजार नाही, अशा मुलावर या आहाराने घरीच उपचार करता येतात. बाकीच्यांना रुग्णालय हवे.

मग आपल्याकडे काय झाले? भांडण झाले! २००९ साली युनिसेफने बिहार आणि मध्य प्रदेशासाठी आणलेली पाकिटे केंद्र सरकारने परत न्यायला लावली. २०१७ साली महाराष्ट्र सरकार पाकिटांकडे वळले, तेव्हा पुन्हा वाद पेटला. एक पक्ष म्हणतो, हा कंपन्यांचा डाव. दुसरा म्हणतो, पाकीट दिले की काम झाले. आम्हाला दोघांचेही अर्धेच पटते. मुलाचे रोजचे ताट कंत्राटदाराच्या हाती जाऊ नये, हे खरे. पण औषधाला ताट समजून नाकारणे, हे कसले शहाणपण? दिल्ली, राजस्थान व तामिळनाडूतल्या ९०६ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. इथेच बनवलेल्या उपचारात्मक आहाराने सुमारे ५७ टक्के मुले सावरली, घरच्या पौष्टिक जेवणाने सुमारे ४३ टक्के. उपचार थांबल्यावर मात्र बरीच पुन्हा घसरली. म्हणजे औषध हवे, आणि औषधानंतरचा घासही हवा.

तो घास तर आपल्या शहराच्याच नावाचा आहे. तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ साली कुन्नूरहून इथे आली. त्या वेळी तिचे संचालक होते डॉ. वि. ना. पटवर्धन. याच संस्थेचे 'हैदराबाद मिक्स': भाजलेले गहू ४० ग्रॅम, हरभरा १६, शेंगदाणे १०, गूळ २०. त्यातून ३३० उष्मांक मिळतात. आपल्या आजीच्या सातूच्या पिठाचे हे भावंडच! तीव्र कुपोषणाचे औषध ते नव्हे, पण सावरलेल्या मुलाला टिकवायला ते कामाचे. तेलंगणात अंगणवाडीतून 'बालामृतम्' मिळते, कुपोषित मुलांसाठी 'बालामृतम् प्लस'ही निघाले.

मग वाळूवरचे लेकरू उपाशी का? त्याचे नाव देगलूरच्या अंगणवाडीत, आणि पोट हैदराबादेत! तिकडे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो, इकडे 'आमच्या यादीत नाही' असे उत्तर मिळते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत देगलूर आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली १०.९ टक्के आणि तेलंगणातली ८.५ टक्के मुले तीव्र कृश आढळली. दोन्ही सरकारांनी एकमेकांकडे बोट दाखवावे, असा कोणाचाच आकडा नाही. आणि 'पोषण ट्रॅकर'वर लाभार्थ्याची नोंद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येते. सोय आहे, करणारा हात नाही.

आमची मागणी साधी आहे. बांधकामावरच्या प्रत्येक मुलाचा दंड मोजावा, कागदपत्रांसाठी अडवू नये, उपचार सुरू झाल्यावर कुटुंब दुसऱ्या कामावर गेले तर नोंदही पाठोपाठ जावी. आणि आपण? निजामाच्या राज्यात ज्यांनी पदरमोड करून मराठी शाळा उभ्या केल्या, त्यांचे आपण वारस म्हणवतो. "हे लोक आपले नव्हेत" असे म्हणणाऱ्यांनी आपल्या फ्लॅटच्या भिंती कोणी बांधल्या, ते आठवावे.

वाचकहो, पुढच्या सभेला येताना शेजारच्या बांधकामावर पाच वर्षांखालची मुले किती आणि जवळची अंगणवाडी कोणती, एवढे टिपून आणा. यादी घेऊन अधिकाऱ्यांकडे आम्ही जाऊ. सोबत तुम्हीही या.