पिस्तूल दादाचें, तुरुंग पोराला!

पिंपळे गुरवच्या बंधूंनो, मायबहिणींनो! पवनेकांठचीं शेतें गेलीं, त्यांवर इमारती उठल्या. पण त्याबरोबर आमच्या कांहीं पोरांना एक घातक खूळ लागलें. सदऱ्याखालीं गावठी कट्टा खोचून हिंडणें म्हणजे मर्दुमकी, असें त्यांना वाटतें. कायदा काय म्हणतो, तें आईबापांना वकिलाच्या पायरीवर कळतें. म्हणून तें आजच ऐका.

1878 सालच्या इंग्रजी हत्यार कायद्यानें नेटिवाला परवान्याचें बंधन घातलें आणि गोऱ्याला सूट दिली. स्वराज्यांत 1959 सालीं नवा कायदा झाला. त्यांत कातडीचा भेद उरला नाहीं. परवान्यावांचून पिस्तूल जवळ असणें हाच गुन्हा. गोळी झाडावी लागत नाहीं. 2019 च्या दुरुस्तीपासून त्याला साधारणपणें किमान 2 वर्षें, कमाल 5 वर्षें कैद व दंड आहे. सरकारी माणसाला कळूं नये अशा बेतानें लपविलें, तर कलम 26 वेगळें लागतें. विनापरवाना बनविणाऱ्या वा विकणाऱ्यास किमान 7 वर्षें, पुढें जन्मठेप! लोहारकाम करणाऱ्या बंधूंनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. अमेरिकेंत अर्ध्याहून अधिक राज्यांत परवान्याशिवाय पिस्तूल झाकून नेतां येतें. सिनेमांतली ती ऐट येथें चालत नाहीं.

खरा घात पुढेंच आहे. गल्लींतला दादा स्वतः हत्यार बाळगीत नाहीं. तो गरिबाच्या पोराला म्हणतो, "एवढी पिशवी चार दिवस घरीं ठेव." पोराला तो मान वाटतो! अरे, कायदा मालक कोण हें विचारीत नाहीं. जाणूनबुजून ताबा कोणाचा, हें विचारतो. घर सामाईक असेल, तर हत्यार आहे हें ज्यांना ठाऊक असावें असें मानण्यास जागा आहे, त्या सर्वांवर कलम 35 प्रमाणें जबाबदारी येऊं शकते. म्हातारा बापही सुटत नाहीं. उलट, असा गुन्हा कळल्यावर पोलीस ठाण्यास किंवा मॅजिस्ट्रेटास खबर देणें, हें कलम 36 नें प्रत्येकाचें कर्तव्य ठरविलें आहे.

दादासाठीं वकील धांवतो. पोरासाठीं आईचें मंगळसूत्र गहाण पडतें. हा व्यवहार कोणाच्या फायद्याचा? म्हणून परक्याची बंद पिशवी उंबऱ्याच्या आंत घेऊं नका. घेतली गेली असेल, तर लपवीत बसूं नका. जाणत्या वकिलाला गांठून ठाण्यावर खबर द्या. आपल्या अज्ञानावरच दादाचें राज्य चालतें. तें अज्ञान आधीं घालवा!