उसना हेल

गेल्या हिवाळ्यांत आम्ही एका मैफलीस गेलों होतों. गायिका तरुण, गळा गोड, तालीमही चांगली झालेली. गाण्यापूर्वीं तिनें चार शब्दांत कवीची ओळख करून दिली, आणि तें बोलणें इतकें स्वच्छ व घरगुती मराठी होतें कीं आम्हांस तिचें कौतुक वाटलें. पुढें तंबोरे जुळले. आणि त्याच मुखांतून 'वेळ' या शब्दाच्या जागीं 'वेल' बाहेर पडला, 'चांदणें' यांतला च 'चंद्रा'तल्या च-सारखा तालूवर जाऊन बसला, आणि 'माझा' हा शब्द तर असा निघाला कीं जणूं कोणी परप्रांतीय पाहुणा आठ दिवसांत मराठी शिकून आला आहे. कविता सरत्या वेळेविषयीं होती. आम्ही मात्र गाणें संपेपर्यंत मांडवावर चढणाऱ्या वेलाचा विचार करीत बसलों.

हा दोष तिच्या एकटीचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण स्पर्धांच्या कार्यक्रमांतून, ध्वनिमुद्रिकांतून, फार काय लग्नाकार्याच्या गाण्यांतूनही हाच प्रकार आतां सर्रास ऐकूं येतो. बोलतांना मराठी आणि गातांना भलतेंच कांहीं, अशी दोन तोंडें आमच्या गायकांस फुटलीं आहेत. मराठींत च आणि ज यांचे उच्चार दोन: एक दांतांजवळचा, एक तालूचा. 'जरा थांब' यांतला 'जरा' निराळा आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' निराळा. लिहितांना दोन्ही सारखे, कानाला मात्र भिन्न. 'माझा' म्हणतांना जीभ एका जागीं लागते, 'माझी' म्हणतांना दुसऱ्या. हें मूल दोन-तीन वर्षांचें होईतों कोणीं न शिकवितां शिकतें, आणि विसाव्या वर्षीं गाण्याचा क्लास लावून विसरतें! 'कृष्ण' हा शब्द घरीं ऋ-च्या जागीं रु घालून म्हणावयाचा आणि व्यासपीठावर रि घालून. 'ज्ञानेश्वर' हें नांव आळंदीच्या वाटेवर एक आणि ध्वनिक्षेपकासमोर 'ग्यानेश्वर'. 'वैरी' आणि 'मौन' यांतील स्वर हिंदीच्या वळणानें पसरट करावयाचे. हिंदीत हे उच्चार शोभतात, कारण ते तिचे स्वतःचे आहेत. मराठींत ते उसन्या अंगरख्यासारखे खांद्यावरून घसरत राहतात.

यांचे समर्थक म्हणतात कीं ळ आणि ण हीं अक्षरें मुळांतच खरबरीत; गळ्यांतून निघतांना तीं स्वराला ओरखडा काढतात, म्हणून तीं गुळगुळीत करणें भाग आहे. हें ऐकून हंसावें कीं रडावें तें कळत नाहीं. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रांत ळ आहे, आणि तो मंत्र स्वरांत म्हणण्याची परंपरा हजारों वर्षांची आहे. तेलुगु, कन्नड आणि तमिळ या तिन्ही भाषांत ळ आहे. कर्नाटक संगीताचा बहुतेक संसार याच भाषांवर चालतो, आणि ळ-मुळें तेथील गाण्याची गोडी गेली अशी तक्रार आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. आपल्याकडे १९५५ सालीं पुणें आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालें. माडगूळकरांचीं छप्पन गीतें आणि फडक्यांच्या चाली. सुधीर फडक्यांच्या तोंडचें एकही अक्षर कोणास पुन्हां विचारावें लागलें नाहीं, आणि त्या अक्षरांत ळ-ण यांची कांहीं टंचाई नव्हती. मग ओरखडा निघतो तो अक्षराचा, कीं न घोटलेल्या गळ्याचा?

दुसरा आक्षेप शास्त्राच्या नांवानें येतो, आणि त्यांत थोडें तथ्य आहे हें आम्ही मान्य करितों. आवाज फार उंच गेला म्हणजे निरनिराळे स्वरवर्ण एकमेकांसारखे ऐकूं येऊं लागतात; युरोपांतील ऑपेरागायिकांची तीच अडचण आहे. तारसप्तकांतल्या तानेंत शुद्ध इकार-उकार मागणाऱ्या श्रोत्यानें घरीं बसावें. परंतु आमच्या गायिकेनें 'वेल' म्हटलें तें मध्यसप्तकांत, ठाय लयींत, अगदीं निवांत बसून!

तिसरी सबब इंग्रजी गायकांची. तेही बोलतात एक आणि गातात दुसरें, असें आम्हांस ऐकविलें जातें. खरी गोष्ट आहे. पीटर ट्रडगिल या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानें १९८३ सालीं यावर एक विवेचक निबंध प्रसिद्ध केला. बीटल्सच्या आरंभींच्या ध्वनिमुद्रिकांत र-चा उच्चार अमेरिकन धाटणीनें पुष्कळदां येतो, आणि पुढें त्यांचा स्वतःवर विश्वास बसूं लागला तसतसा तो कमी होत जातो, असें त्यानें मोजून दाखविलें. ज्या संगीताचें माहेर अमेरिकेंत, विशेषतः तेथील काळ्या लोकांत, तें गातांना त्या लोकांसारखें बोलावेंसें वाटणें स्वाभाविक होतें. पण आमच्या भावगीताचें माहेर कोठें? आमच्या अभंगाचें? ज्या अनुकरणाला निदान उगमाचा तरी आधार होता, त्याचा दाखला निराधार अनुकरणाला कसा लागू पडावा?

याउलट लताबाईंचें उदाहरण पाहावें. त्यांनीं स्वतः अनेक वेळां सांगितलेली हकीकत आहे. चित्रपटांत नव्या असतांना आगगाडींत दिलीपकुमारांची भेट झाली, आणि मराठी माणसाच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो अशा आशयाचा टोला त्यांनीं मारला. लताबाईंनीं मनाला लावून घेतलें, एका मौलवींकडे उर्दूचे धडे घेतले, आणि ती भाषा तिच्या लोकांसारखी म्हणूं लागल्या. परभाषेंत गावयाचें तर तिचे उच्चार शिकणें हें गायकाचें कर्तव्य होय. पण त्या उर्दूचा वास लताबाईंनीं आपल्या मराठीला लागूं दिला नाहीं, हा त्या गोष्टीचा उत्तरार्ध आमचे गायक सोयीस्करपणें विसरतात.

येथें कोणी आम्हांस पुणेरी शुद्धतेचे चोपदार समजेल, म्हणून एक खुलासा अवश्य आहे. भीमसेन जोशी गदगचे. त्यांची मातृभाषा कन्नड. त्यांच्या संतवाणींत कोठें कोठें कन्नडचा हेल डोकावतो, आणि तो आम्हांस प्रिय आहे, कारण तो त्यांच्या बोलण्यांतही होता. त्यांनीं तो कोठून आणला नव्हता. 'पाणी' ऐवजीं 'पानी' म्हणणारी गावाकडची बाई गातांनाही 'पानी' म्हणाली तर तिला सुधारणारे आम्ही कोण? पण तोच 'पानी' शहरांत वाढलेली, महाविद्यालयांत शिकलेली गायिका लावणी म्हणतांना मुद्दाम काढते, कमरेवर हात ठेवून डोळा मिचकावते, आणि सभागृह हंसतें. तेव्हां ती कोणाची नक्कल करीत असते आणि हंसणारे कोणाला हंसत असतात, याचा विचार तिनें एकदां करावा. 'वेल' म्हणणारी वरच्या पायरीवरचा अंगरखा उसना घेते, 'पानी' म्हणणारी खालच्या पायरीवरचा. ही उतरंड त्या दोघींनीं कोणाला विचारून मांडली?

आणि याहून दुःखाचा प्रकार तिसरा. बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघाल्या. त्यांची बोली खानदेशांतील लेवा पाटीदारांची. त्याच प्रदेशांतल्या, घरीं तीच बोली बोलणाऱ्या मुली स्पर्धेंत त्या कविता गातात तेव्हां एकेक शब्द घासून-पुसून प्रमाण भाषेच्या जवळ नेतात. परीक्षकांस तें आवडतें, गुण पडतात. अशा एका मुलीची आई आमच्या शेजारींच बसली होती. गाणें संपल्यावर ती हळूच म्हणाली, "घरी म्हणते तवा लई ग्वाड वाटते." परीक्षकांच्या पंक्तीपर्यंत तें पोंचलें नाहीं, म्हणून येथें लिहून ठेविलें आहे.