शब्दविचार : इटालियन शब्दांतील आघात

मराठी बोलतांना शब्दांतील कोणत्या अक्षरावर जोर द्यावा, याची चिंता आपणांस सहसा करावी लागत नाहीं. जोर इकडचा तिकडे झाला, तर उच्चार कानास खटकेल. अर्थ मात्र ढळत नाहीं. इटालियन भाषेचा प्रकार निराळा आहे. ‘आंकोरा’ या शब्दांत पहिल्या अक्षरावर आघात केल्यास अर्थ होतो ‘नांगर’, दुसऱ्यावर केल्यास ‘अजून’. ‘प्रिंचिपि’ म्हणजे राजपुत्र कीं तत्त्वें, हेंही आघातच ठरवितो. पहिल्या अक्षरावर असेल तर राजपुत्र, दुसऱ्यावर असेल तर तत्त्वें.

यासाठीं आधीं अक्षरें नीट पाडतां आलीं पाहिजेत. दोन स्वरांमधील एकटें व्यंजन पुढील स्वराकडे जातें : का-सा, म्हणजे घर. द्वित्त व्यंजन दुभंगतें : नोन्-नो, म्हणजे आजोबा. येथें ‘न’ एकेरी उच्चारला, तर आजोबांचा ‘नववा’ होतो ! ल, म, न, र यांपुढें दुसरें व्यंजन आल्यास तीं मागें राहतात : पोर्-ता, म्हणजे दार. ‘स’ मात्र पुढें जातो : पा-स्ता. आपण जोडाक्षरापूर्वीचें अक्षर गुरु मानणारे. म्हणून आपली जीभ ‘पास्-ता’ असें तोडूं पाहते.

आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर पडतो. तो अन्त्य अक्षरावर असल्यास त्या स्वरावर चिन्ह लिहितात. ‘चित्ता’ (नगर) हा शब्द असा आहे. खरी अडचण शेवटून तिसऱ्या अक्षराची. तेथें चिन्ह बहुधा नसतें. कानानें ऐकून किंवा कोश पाहूनच शिकावें लागतें. नापोलि, जेनोवा हीं नगरें याच वर्गांतलीं. १८७० पासून १९१४ पर्यंत विलायतेची डाक ज्या बंदरावरून मुंबईकडे येई, तें ब्रिंदिसिही तसेंच.

ही निव्वळ हौसेची गोष्ट आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. मराठा पलटणींतील यशवंत घाडगे यांस १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत वीरमरण आलें. तेथील लोक त्या नदीस ‘तेवेरे’ म्हणतात. आघात पहिल्या अक्षरावर. त्याच पलटणींतील नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं ज्या नदीकांठीं पराक्रम केला, ती ‘सेनिओ’. लिहिण्यांत स्वर तीन, पण अक्षरें दोनच : से-न्यो. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जेथें आपलीं माणसें लढलीं, त्या स्थळांचीं नांवें तेथील लोक घेतात तशीं आपणांस घेतां यावीं, एवढी जाण आपल्या घरांतून असावी, असें आम्हांस वाटतें.