वाट पाहणारा कॅमेरा

झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये अजूनही काही आवारं अशी आहेत, की घर एका कोपऱ्यात आणि बाकी सगळी मोकळी जमीन. कडुनिंबाची झाडं, मध्येच खचलेली भिंत, मागचं फाटक. अशा जागेच्या मालकाची मागणी ठरलेली असते : कॅमेरा एकच हवा, स्वस्त हवा आणि रात्रीही सगळं आवार त्यात दिसायला हवं. पहिल्या दोन अटी आज दोन-तीन हजारांत पुऱ्या होतात. तिसरी मात्र सोडावी लागते. स्वस्त कॅमेऱ्याला जमीन राखायला सांगूच नये, फाटकाशी वाट पाहायला सांगावं. याच शहराच्या तटाला खंडेराव, ओरछा, सागर, दतिया असे दरवाजे होते. पहारा बसे तो तिथे.

हिशेब साधा आहे. अनोळखी माणूस ओळखू यायचा तर चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल हवेत, असा ईएन ६२६७६-४ या युरोपीय मानकाच्या २०१५च्या आवृत्तीचा दंडक आहे. नुसतं कुणीतरी आहे एवढं कळायला २५ पुरतात. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १,९२० पिक्सेल असतात, म्हणजे चेहरा पटेल असा पट्टा जेमतेम पावणेआठ मीटर रुंद. दुकानात सर्रास मिळणारं २.८ मिलिमीटरचं भिंग शंभर अंशांहून जास्त पसरतं आणि हा पट्टा तीनेक मीटरवरच संपवतं. ६ मिलिमीटरचं भिंग तोच पट्टा आठेक मीटरवर नेतं. आठ मेगापिक्सेल घेतले तर? दिवसा फायदा होईल. पण संवेदक तोच १/२.८ इंची असेल, तर एकेक पिक्सेल २.९ मायक्रॉनवरून १.४५ वर येतो, त्याचं क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावर उतरतं आणि अंधारात प्रत्येकाच्या वाट्याला तितकाच कमी उजेड येतो. पेटीवरचा मेगापिक्सेलचा आकडा रात्रीपुरता तरी विसरलेला बरा.

दुकानातल्या पडद्यावरचं लख्ख रंगीत चित्रही असंच फसवं. उजेड अपुरा पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. झाड, भिंत, उभी गाडी सुरेख दिसतात. पण चालता माणूस सेकंदाला दीड मीटर सरकतो. शटर सेकंदाचा बारावा भाग उघडं राहिलं तरी तो साडेबारा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे जवळजवळ चेहऱ्याच्या रुंदीइतका. म्हणून दिवा मालवून कुणालातरी कॅमेऱ्यासमोरून चालवायला सांगावं आणि चित्र थांबवून पाहावं. ‘शून्य लक्स’ हा शब्द तर इन्फ्रारेड दिवे पेटवून मिळवलेला असतो, त्यात संवेदकाची करामत नाही. हे दिवे कॅमेऱ्यातच बसवलेले असल्याने जानेवारीच्या धुक्यात त्यांचा उजेड परतून थेट भिंगावर येतो आणि पडदा पांढरा होतो. जवळची फांदीही तेच करते, वर कोळी जाळं विणतो ते वेगळंच. वाचलेल्या पैशांत फाटकाजवळ, कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर बाजूला एक साधा एलईडी दिवा लावला, तर महागड्या संवेदकाचं बरंचसं काम तो करतो.

यावर आक्षेप येईल की चोर फाटकातून कशाला येईल, भिंतीवरून उडी मारेल. मारेलही. पण न्यायची वस्तू जड असेल तर बाहेर पडताना त्याला फाटक किंवा भिंतीचं खिंडार लागतंच, आणि घराचा दरवाजा तर टाळताच येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मोकळ्या जमिनीला चोरापेक्षा भीती असते ती रातोरात राडारोडा ओतून खांब रोवणाऱ्यांची. तिथे मात्र रुंद भिंगच योग्य. ट्रक आला आहे हे कळायला मीटरला २५ पिक्सेल पुष्कळ होतात आणि ते काम तासाभराचं असतं, क्षणाचं नव्हे. त्यासाठी दुसरा, सर्वांत स्वस्त कॅमेरा उंचावर लावावा. दोन्ही मिळूनही एका चकचकीत ‘सुपर नाइट’ कॅमेऱ्याहून बहुधा स्वस्तच पडतात.

वीज नाही म्हणून सिमकार्डचा सौर कॅमेरा घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बॅटरी वाचवायला तो झोपलेला असतो आणि माणसाच्या अंगाची उष्णता भोवतालापेक्षा वेगळी जाणवली की जागा होतो. मे महिन्यात झाशीच्या तापलेल्या भिंती रात्रीही निवत नाहीत, हा फरक पुसट होतो आणि कॅमेरा उशिरा जागतो, कधी जागतच नाही. घरापासून फाटकापर्यंत एकदा वायर ओढून घेतली, तर हा प्रश्न उरत नाही आणि दिव्याचीही सोय होते.